उपाशी बोटाचं माप

माझ्या मावशीचं लग्न तिच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरलं, आणि ही बातमी तिने आम्हाला फोनवर ज्या आवाजात दिली, त्या आवाजात लोक गळका नळ दुरुस्त झाल्याचं सांगतात.

"ताई, ऐक," ती माझ्या आईला म्हणाली, "मी लग्न करतेय. रविवारी सगळे घरी आहात ना? त्यांना आणि त्यांच्या आईंना जेवायला घेऊन येते म्हणते."

आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "कुणाला घेऊन येतेस?"

"अगं, थंडोबांना."

थंडोबा हे नाव आम्ही मावशीच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलं होतं. मावशी फुलांच्या एका घाऊक वखारीत कामाला होती. शहराबाहेरच्या मळ्यांतून पहाटे फुलं येत, ती निवडून, जुड्या बांधून, दुकानांकडे रवाना होईपर्यंत कोल्ड रूममध्ये ठेवत. ही कोल्ड रूम मावशीच्या ताब्यात होती. आणि तिथलं थंडीचं मशीन ज्यांच्या ताब्यात होतं, ते थंडोबा. हे नाव वखारीतल्या बायकांनी ठेवलेलं. ते थंडीची मशीनं दुरुस्त करायचे म्हणून अर्धं, आणि त्यांच्या बोलण्याच्या वेगामुळे अर्धं. "नमस्कार" म्हटलं की त्यांच्याकडून परत "नमस्कार" येईपर्यंत माणूस पुढच्या वळणावर पोचलेला असायचा. पन्नाशी गाठली तरी त्यांचं लग्न राहून गेलं होतं. कसं राहिलं, ते त्यांनाही नीटसं सांगता यायचं नाही. मावशीचा अंदाज असा की बोलणी चालू असतानाच समोरच्यांचा धीर सुटत असावा.

मावशीचा मात्र सुटला नाही. तिला घाई कशाचीच नव्हती. मुळात तिचं कामच धीराचं. गुलाबाची कळी दोन बोटांत हलकेच दाबून बघायची. कडक लागली की दूरच्या गावाला, मऊ लागली की आजच्या आज जवळच्या दुकानात. लिलीचे देठ तिरके छाटायचे, खालची पानं काढायची, जुडी बांधून बादलीत उभी करायची. हातमोजे घालून कळी कळत नाही, म्हणून ती उघड्या हातांनीच काम करायची. कोल्ड रूममध्ये फ्रिजच्या आतल्यासारखी थंडी. गाड्या निघेपर्यंत तिची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडलेली असायची, आणि तोवर पोटात चहाचा घोटसुद्धा नाही.

"काहीतरी खाऊन जात जा गं," आई दरवेळी म्हणायची.

"रिकाम्या पोटी नजर चांगली चालते," मावशीचं ठरलेलं उत्तर. खरं म्हणजे एकट्या माणसाला त्या वेळी उठून स्वतःसाठी चूल पेटवायचा कंटाळा यायचा, एवढंच. पण हे तिने कधी कबूल केलं नाही.

थंडोबांनी मागणी घातली ती कोल्ड रूममध्येच. ही हकिकत मावशीने आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की मी स्वतः तिथे हजर होते असं मला आता वाटतं. छताजवळचा मोठा पंखा अडकला होता. थंडोबा शिडीवर चढलेले, डोकं पार यंत्राच्या खोक्यात, आणि खाली मावशी शिडी धरून उभी. बराच वेळ वर नुसती खुडबुड. मग खोक्यातून घुमत आवाज आला:

"तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

मावशीला वाटलं, पाना मागताहेत. तिने पाना वर केला.

"पाना नको," खोका म्हणाला. "लग्नाचं विचारतोय. घाई नाही. विचार करून सांगा."

मावशी म्हणाली, "आधी पंखा सुरू करा. माझी ट्यूलिपं माना टाकतील."

पंखा सुरू झाला. थंडोबा एकेक पायरी करत खाली आले, केसांत धूळ, कपाळाला ग्रीस. मावशी म्हणाली, "हो." आणि मग दोघांनी मिळून शिडी जागेवर ठेवली.

अंगठी घालायची ही कल्पना थंडोबांची. मावशीला न सांगता करायची होती, म्हणजे माप चोरून घ्यायला हवं. एका सकाळी ते मूठभर रबरी रिंगा घेऊन कोल्ड रूममध्ये आले. मशीनच्या जोडांमध्ये बसवतात तशा, लहान-मोठ्या. त्या त्यांनी मावशीच्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाले, "यातली नेमकी कुठली त्या व्हॉल्व्हला बसेल, ते कळत नाही. जरा तुमच्या बोटावर घालून बघू का?"

व्हॉल्व्हचा आणि बोटाचा काय संबंध, हे मावशीने विचारलं नाही. ती सांगते, "मला लगेच कळलं. मी मुद्दाम तेच बोट पुढे केलं. आणि चेहरा असा ठेवला की जशी काही मी रोजच व्हॉल्व्ह म्हणून काम करते."

एक रिंग बरोबर बसली. थंडोबांनी ती खिशात ठेवली आणि त्याच संध्याकाळी सोनाराकडे गेले. सोनाराने विचारलं, मापात काही कमी-जास्त नाही ना? थंडोबा म्हणाले, "मी मशीनचा माणूस आहे. माझं माप चुकत नाही."

रविवार उजाडला. आईने स्वयंपाकाचा असा घाट घातला होता की जणू पाहुणे महिनाभर राहायला येणार. सूप, भाजलेली कोंबडी, बटाटे, दोन भाज्या, भात, ताजा पाव, आणि शेवटी सफरचंदाचा केक. थंडोबा करड्या रंगाचा कोट घालून आले. त्यांच्यासोबत त्यांच्या आई. बुटक्या, काटक, आणि बोलण्यात मुलाच्या अगदी उलट. आल्या आल्या त्यांनी मावशीला खाली वाकायला लावलं, दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला आणि म्हणाल्या, "आता बोलायला कुणीतरी मिळालं! याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला पत्र लिहिणं." आम्ही सगळे लगेच त्यांना आजी म्हणायला लागलो.

अंगठी आधी घालायची की जेवण आधी, असा प्रश्न आला. आजी म्हणाल्या, "पहाटेपासून बसमध्ये आहे बाई मी. आधी जेवण." त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

मावशीला त्या दिवशीसारखं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी चिमणीसारखी दाणे टिपणारी ती, पण आज तिने सूप दोनदा घेतलं, कोंबडीचा तुकडा हाडापर्यंत साफ केला, पावाने रस्सा पुसून घेतला आणि केकच्या ताटलीकडे हात केला. तिच्या गालांवर रंग चढला होता. आजी तिच्याकडे बघून खूश होत होत्या. बाबा आजींना कॉलेजातले किस्से सांगत होते. माझे बाबा वैद्यकीय महाविद्यालयात शरीर कसं चालतं हे शिकवायचे, आणि ऐकणारा नवा माणूस सापडला की त्यांना थांबवणं अवघड व्हायचं. थंडोबा समोरचं ताट नुसतं चिवडत होते. आई स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये धावत होती.

मग टेबल आवरलं. थंडोबा उठले. खिशातून डबी काढली, डबीतून अंगठी. साधी, पातळ, मधोमध एक बारीक निळा खडा. मावशीने हात पुढे केला. अंगठी बोटाच्या टोकावरून गेली, पहिल्या पेरावरून गेली, आणि मधल्या सांध्याशी जी थांबली ती थांबलीच.

थंडोबांनी हलकेच दाबलं. मावशी हसत म्हणाली, "जोर लावा की, काच नाहीये मी." त्यांनी जोर लावला. सांध्याची कातडी पुढे गोळा झाली, अंगठी हलेना.

"साबण आणा," आजी म्हणाल्या. साबण आला. मग तेल आलं. मग लोणी. बोट लाल झालं, चकचकीत झालं, त्याला खमंग वास यायला लागला, पण अंगठी पुढे जायला तयार नाही. शेवटी कशीबशी ती परत ओढून काढली.

"याच्या वडिलांचं असंच!" आजींनी कपाळाला हात लावला. "लग्नानंतर माझ्यासाठी हौसेने चपला आणल्या. दोन्ही डाव्या पायाच्या! मी म्हटलं, अहो, मी काय बदक आहे का?"

आम्ही सगळे हसलो. थंडोबा हसले नाहीत. लोण्याने माखलेली अंगठी रुमालाने पुसत ते म्हणाले, "माप बरोबर होतं."

"होतं ना," मावशी म्हणाली. "मीच साक्षीदार आहे."

"मग अशी कशी चुकली?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. हा माणूस आयुष्यात एकाच गोष्टीची फुशारकी मारायचा, ती म्हणजे मापाची. आणि आज, सगळ्यांच्या देखत, नेमकं तेच फसलं होतं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मावशी त्यांच्या मागे जायला निघाली, तेवढ्यात बाबा खुर्चीतून ताडकन उठले.

"थंडी!" बाबा ओरडले. "माप कुठे घेतलं होतं? कोल्ड रूममध्ये! थंडीत बोटं बारीक होतात. रक्तवाहिन्या आवळतात, बोटात रक्त कमी येतं. इथे घरात उबेला ती फुगली आहेत. अहो, चूक तुमची नाहीच! चला, वखारीत जाऊ. तिथे अंगठी लोण्याशिवाय बसेल."

"आज रविवार आहे," आई म्हणाली. "आणि मला अजून—"

"किल्ली तुझ्याकडे आहे ना?" बाबांनी मावशीला विचारलं. किल्ली तिच्याकडे होतीच. गॅलरीतून थंडोबा आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडा जीव आला होता. मग काय, कपाटं उघडली गेली. आजींना बाबांचा ओव्हरकोट चढवला, तो त्यांच्या घोट्यापर्यंत आला. आईने घाईघाईत शाल घेतली. सगळे कोंबून गाडीत बसलो. आजी पुढे बसून म्हणत होत्या, "माझ्या मुलाची अंगठी बर्फात घालायची म्हणे! सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

वखारीतल्या पहारेकऱ्याने आम्हाला बघून काही विचारायचंही विसरून नुसतं दार उघडलं.

कोल्ड रूमचा जाड दरवाजा सरकवला आणि आत पाऊल टाकलं, आणि मी दारातच थबकले. बादल्यांच्या रांगाच रांगा. पांढरी लिली, पिवळे गुलाब, लालभडक कार्नेशन, मिटल्या तोंडाची ट्यूलिपं. ओल्या देठांचा हिरवा वास. तोंडातून वाफा निघत होत्या. आजींनी ओव्हरकोटाची कॉलर वर केली आणि म्हणाल्या, "सूनबाई, तू रोज बागेतच जातेस की गं!"

"आणखी थंड करू का?" थंडोबांनी भिंतीवरच्या पॅनेलकडे हात नेला.

"खबरदार," मावशी म्हणाली. "एका बोटासाठी माझी लिली मारायची नाही."

मग आम्ही वाट बघत उभे राहिलो. बाबा अधूनमधून मावशीचं बोट तपासत होते. आजी रांगांमधून फेऱ्या मारत फुलांशी बोलत होत्या. माझे दात वाजायला लागले. थंडोबांनी एकदा अंगठी घालून पाहिली. सांध्याशी अडली. आणखी थांबलो. पुन्हा पाहिली. पुन्हा अडली. मावशीची बोटं गुलाबीच्या गुलाबी.

"कमाल आहे," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "एव्हाना आवळायला हवी होती."

त्याच वेळी 'टुप्' असा आवाज झाला. आईने हात चोळले होते, आणि तिच्या लग्नातली अंगठी, जी मी जन्मल्यापासून तिच्या बोटातून निघालेली पाहिली नव्हती, ती घरंगळून कार्नेशनच्या बादलीत पडली.

सगळे बादलीकडे बघत राहिले. बाबांनी आईचा हात हातात घेतला आणि दचकले. "बर्फ आहे हा!" मग त्यांनी दुसऱ्या हाताने मावशीचा हात धरला. "आणि हा भट्टीतून काढलेला पाव!" ते एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत होते. मग अगदी हळू आवाजात त्यांनी आईला विचारलं, "तू जेवलीस ना?"

"कधी?" आई म्हणाली. "आधी तुम्हाला वाढत होते. मग अंगठीचा गोंधळ. मग तुम्ही म्हणालात चला, की चला."

बाबांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन भाव आले. एक शरमेचा, आणि दुसरा, तो त्यांना दाबता येईना, निव्वळ आनंदाचा. "अहो, मग तेच तर!" ते म्हणाले. "जेवलेले कोण कोण? हात वर करा!"

मावशीने, आजींनी आणि मी हात वर केले. माझे दात वाजत असले तरी हात खरंच फारसे गार नव्हते. आजींचे ओव्हरकोटाच्या बाह्यांत होते, पण त्यांनी ते बाहेर काढून दाखवले. सुरकुतलेले आणि उबदार.

"न जेवलेले?"

आईने हात वर केला. आणि थोड्या वेळाने, नेहमीच्या वेगाने, थंडोबांनी. त्यांची बोटं पांढरीफटक होती.

"तूही जेवला नाहीस?" आजी कडाडल्या.

"घशाखाली उतरत नव्हतं," थंडोबा म्हणाले.

बाबा आता बादल्यांच्या मधोमध उभे राहून वर्गात बोलावं तसं बोलत होते. "शरीर मोठं हिशेबी असतं बघा. थंडी वाजली की पहिली काटकसर बोटांपासून. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं, नळ बंद करावेत तशा. का, तर असलेली ऊब आत राहावी, काळजाजवळ. पण पोटात नुकतं जेवण पडलेलं असलं की ते पचवतानाच अंगात ऊब तयार होते. मग शरीर एवढा हात आखडत नाही. नळ पुरते बंद करत नाही, आणि केले तरी लवकर सैल सोडतं."

"म्हणजे पगार झाल्यावर माणूस करतो तसं," आजी म्हणाल्या.

"अगदी तसं!" बाबा खूश झाले. "मी मुलांना बर्फाच्या पाण्यात बोटं घालायला लावायचो. एकदा उपाशीपोटी, एकदा डबा खाल्ल्यावर. सगळ्यांचं सारखं नाही व्हायचं, माणसागणिक फरक असतोच. पण पुष्कळांच्या बाबतीत डोळ्यांना दिसायचं. आणि आज माझ्याच घरी... मला कसं आठवलं नाही!"

"घरातलं तुम्हाला कधी आठवतं?" आई म्हणाली आणि शाल आवळून घेतली. पण ती हसत होती. बाबांनी कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला आणि स्वतः बाह्या वर करून बादलीत हात घालून अंगठी शोधायला लागले.

आजींना उपाय सुचला होता. "मग सोपं आहे. हिला रात्रीपर्यंत काही खायला देऊ नका. पुन्हा इथे आणू. बसेल अंगठी."

मावशीने हात पाठीमागे घेतले. "नाही हं आजी," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण तिचा आवाज ठाम होता. "उपाशी राहिल्यावर बसेल अशी अंगठी मला नको. आज इतक्या वर्षांनी पोटभर जेवले आहे मी."

थंडोबा तिच्याकडे बघत उभे होते. ते काही बोलणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, म्हणून सगळे गप्प राहिलो. त्यांच्यासाठी थांबायची आम्हाला तेवढ्यात सवय झाली होती.

"माप मी सकाळी घेतलं," ते म्हणाले. "तुम्ही काही खाल्लं नव्हतं."

"मी सकाळी कधीच खात नाही."

"इतकी वर्षं?" त्यांनी पॅनेलकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "मी रोज येऊन त्या भिंतीवरचा आकडा बघायचो. खोली नीट थंड आहे ना, एवढंच. आत जे माणूस उभं आहे, त्याचं काय, हे कधी..." ते थांबले. "मला वाटायचं, तुम्हाला थंडी वाजतच नाही."

"वाजते की," मावशी म्हणाली. "पण सांगणार कुणाला? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पंखा बंद केला असतात. मग मालकांनी तुम्हाला बंद केलं असतं."

आणि थंडोबा हसले. आजींनी नंतर सांगितलं की मुलाचं हे हसणं त्यांनी त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर ऐकलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग पोट, मग आवाज बाहेर आला, खोल आणि घरघरणारा, थंड पडलेलं मशीन सुरू व्हावं तसा. तो थांबेचना. मावशीलाही हसू आवरेना. दोघं लिलीच्या बादल्यांमध्ये एकमेकांचे हात धरून हसत होते, आणि त्यांचे हात असे की एकाचे बर्फासारखे पांढरे, एकाचे गुलाबी. तेवढ्यात बाबा "सापडली!" म्हणत कार्नेशनमधून वर आले. त्यांचं नाक लाल झालं होतं आणि कोपरापर्यंत पाणी निथळत होतं.

घरी आल्यावर आईला मावशीने खुर्चीवर बसवलं आणि उठू दिलं नाही. बाबांनी सूप गरम केलं. ते थोडं तळाला लागलं, पण आई ते इतक्या चवीने प्यायली की त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. थंडोबांना भूक लागली होती. ती त्यांनी कशी भागवली ते बघण्यासारखं होतं. सावकाश, शांतपणे, एकही घास न गाळता, उरलेली कोंबडी संपली, बटाटे संपले, भाताचं पातेलं रिकामं झालं. आजी प्रत्येक घासाला मान डोलावत होत्या. मध्येच त्यांनी हात लांब करून मुलाची बोटं चाचपून पाहिली आणि जाहीर केलं, "आली ऊब."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी आणि थंडोबा आधी एका खानावळीत पोटभर जेवले आणि मग सोनाराकडे गेले. सोनार म्हणाला, "पोट भरून माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय." त्याने अंगठी वाढवून दिली, पण इशाराही दिला. "आता ही थंडीत सैल होईल. कामाच्या गडबडीत पडली तर मला बोलू नका."

"पडणार नाही," थंडोबा म्हणाले. "ती जबाबदारी माझी."

कचेरीत सह्या करून लग्न झालं. त्यानंतर थंडोबांनी जबाबदारी कशी उचलली, ते मी स्वतः पाहिलं. आमच्या कार्यालयाच्या समारंभाला फुलं हवी होती, म्हणून मी एकदा पहाटे वखारीत गेले. कोल्ड रूमच्या मागे मशीनची खोली आहे. खोली थंड करायला मशीन आतली ऊब बाहेर फेकतं, ती सगळी तिथे साचते, त्यामुळे बाहेर कितीही गारठा असला तरी तिथे चैत्रातल्यासारखं वाटतं. थंडोबांनी तिथे एक फळी टाकली होती, फळीवर शेगडी, शेगडीवर तवा. कांदा घातलेली ऑम्लेटं होत होती. मावशी पाय पोटाशी घेऊन एका उलट्या बादलीवर बसली होती, हातात गरम पावाचा तुकडा, बोटात अंगठी. तिच्या शेजारी फुलं निवडणाऱ्या बाकीच्या बायकाही बसल्या होत्या. त्यांतलीही कुणी आता रिकाम्या पोटी आत जात नव्हती. बाबांच्या सिद्धान्तापेक्षा त्यांच्यावर ऑम्लेटचा परिणाम जास्त झाला असणार.

"मावशी, अंगठी सैल होते का गं?" मी विचारलं.

"काम संपेपर्यंत थोडी फिरते. पण पडत नाही." तिने बोट हलवून दाखवलं. "आणि बोटं तशी बधिर होत नाहीत आता. कळी हाताला जास्त चांगली कळते. हे भाऊजींना सांगू नकोस हं, नाहीतर थर्मामीटर घेऊन इथेच मुक्कामाला येतील."

थंडोबांनी माझ्यासमोर ताटली ठेवली. मी "मला नको" म्हणायच्या आत ते म्हणाले, "आत फुलं निवडायला जाणार असाल तर आधी खायचं. इथला नियम आहे." त्यांच्या हिशेबाने हे भाषणच होतं. मावशी कौतुकाने त्यांच्याकडे बघत राहिली.

मी पहिला घास घेतला तोच दार उघडलं आणि वखारीचे मालक आत आले. जाडजूड, सुटाबुटात, नाक वर करून हुंगत.

"हे काय चाललंय?" ते गरजले. "काल एका दुकानदाराने तक्रार केली. म्हणे, तुमच्या लिलीला कांद्याचा वास येतो!"

तव्यावर ऑम्लेटच्या कडा चुरचुरत होत्या. मावशी उठली, पुढचं ऑम्लेट ताटलीत घेतलं, त्यावर पावाचा तुकडा ठेवला आणि मालकांच्या हातात दिला.

"तुम्ही कोल्ड रूम बघायला जाणार ना आता?" ती म्हणाली. "मग आधी खाऊन घ्या."

मालकांनी ताटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग आजूबाजूला बसायला काही आहे का ते पाहिलं. थंडोबांनी सावकाश वाकून एक बादली उलटी केली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"मिरपूड आहे का?" मालक बसता बसता म्हणाले.